फळ्यावर राहिलेली अर्धी सुपारी

आधीच सांगून टाकतो, मी थापाड्या आहे. अंबरनाथ एमआयडीसीत कुणालाही विचारा, "काशीमामा भोपी कसा माणूस?" समोरचा आधी हसेल, मग म्हणेल, "कामाला सोनं, पण तोंडाला कुलूप नाही." मी एकदा सांगितलं होतं की माझ्या हातोडीच्या ठोक्याने शेजारच्या कंपनीतला सायरन आपोआप वाजला आणि अख्खी शिफ्ट गेटबाहेर पळाली. खरं एवढंच, की वॉचमन जागा झाला. पण वॉचमन जागा होणं ही काय लहान गोष्ट आहे?

तर चाळीस वर्षं बॉयलरच्या पोटात घालवल्यावर मला एक शोध लागलाय. मी बोललेलं कुणी खरं धरत नाही, मी लिहिलेलं मात्र धरतात. म्हणून संपादकांनी "दिवाळी अंकाला तुमच्या कामाविषयी काहीतरी द्या" म्हटल्याबरोबर मी हो म्हणून बसलो. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तोंडाने सांगायला गेलो तर लोक चहा मागवतील आणि म्हणतील, "हां मामा, मग पुढे?" ती शेवटी येईल. उडी मारून शेवट वाचू नका. बॉयलर काय आणि गोष्ट काय, हळूहळूच तापवावी लागते, घाई केली की प्लेट तडकते.

बॉयलर म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुमच्या घरातला कुकर बघितलाय ना? तो आडवा करा, बसइतका मोठा करा, आणि शिट्टी व्हायच्या आधी त्याच्या पोटात शिरून कुठे गळतंय का ते बघणारा एक माणूस ठेवा. तो मी. आत हातोडीने ठोकत जायचं आणि कान लावायचा. चांगला बोल्ट टण् वाजतो, तडकलेला बोल्ट थप् म्हणतो. बायकोचा मूड मी अजून ओळखू शकत नाही, पण बोल्टचा ओळखतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्स धुणाऱ्या एका शेठने मला बोलावलं, "बॉयलर बीमार है." जाऊन बघतो तर पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी निळंशार! पठ्ठ्याने जीन्स धुतलेलं पाणी फिरवून पुन्हा बॉयलरमध्ये सोडलं होतं. मी म्हटलं, "शेठ, हे काय?" तो म्हणाला, "साईं, पानी तो पानी होता है." मी तीन दिवस आत बसून खरवडत होतो. बाहेर आलो तेव्हा आमच्या सौ. सुगंधाने मला दारातच थांबवलं, कारण मी कृष्णासारखा दिसत होतो. हे मात्र शंभर टक्के खरं आहे, कानाच्या मागे अजून थोडा निळा आहे.

त्याच गल्लीत मला लच्छूभाई भेटला. खरं नाव लछमन. जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधोमध याचं एक लेथ मशीन आणि एक माणूस उभा राहील एवढी जागा. सत्तरी गाठलेला सिंधी माणूस, बोलणं कमी, हात देवाचे. वाफेचा कुठलाही व्हॉल्व्ह गळत असला की मी त्याच्याकडे न्यायचो. तो मसाला लावून घासायचा, आणि मग त्यातून वाफ सोडा, आत्मासुद्धा बाहेर पडायचा नाही.

आता मुख्य भानगड. आमच्या धंद्यात एक रीत आहे, निदान माझ्या उस्तादांनी मला शिकवलेली. बॉयलर बंद करताना, शेवटचं झाकण आवळायच्या आधी, हळद-कुंकू लावून एक सुपारी आत ठेवायची. गणपती म्हणून. कारखान्यातला बॉयलर जागचा हलत नाही. सुपारी उकळते, तळाच्या गाळात जाऊन बसते, आणि पुढच्या साफसफाईला गाळाबरोबर निघून जाते. कुणाला कळत नाही, कुणाला त्रास नाही. अंबरनाथपासून तळोज्यापर्यंत माझ्या गणपतींनी किती वाफ सोसली, त्याची मोजदाद देवालाच ठाऊक.

मग मी रिटायर झालो, आणि घरी बसून महिन्याभरात वेडा व्हायला आलो. बदलापुरात खरवईला नव्या बिल्डिंगमध्ये आमचा फ्लॅट. मी हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून गॅलरीत. पंख्याच्या दांड्यावर हातोडी मारून बघ, गॅसच्या नळीला कान लाव. सुगंधा म्हणाली, "घरात काय रूळ टाकलेत का? कवाधरनं फेऱ्या मारताय!"

तिच्या तोंडात साखर पडो. त्याच आठवड्यात फोन आला, वाफेचं इंजिन बांधायचंय म्हणून.

नवं इंजिन. जुनं दुरुस्त करायचं असतं तर मी हसलो असतो. आगगाडीवेड्या मंडळींची एक संस्था होती. जुन्या मेलगाडीच्या इंजिनाचे नकाशे त्यांनी कुठूनतरी पैदा केले होते आणि ठरवलं होतं की आज, या काळात, विजेच्या तारांखालून पळणारं वाफेचं इंजिन कोरं करकरीत बांधायचं आणि मोठ्या लाइनवर चालवायचं. चाकं एका राज्यातून, सिलिंडर दुसऱ्या राज्यातून, आणि बॉयलरसकट सगळी जोडणी अंबरनाथला, आमच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या शेडमध्ये. कामावर मुख्य कोण, तर संघमित्रा गायकवाड. पस्तिशीची इंजिनिअर. वडील इथेच एका कारखान्यात टर्नर होते, म्हणजे पोरगी लोखंडाच्या चुऱ्यावर रांगलेली.

पहिल्याच दिवशी मी तिला सायरनची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि विचारलं, "वॉचमन जागा झाला होता ना, मामा? माझे बाबा तेव्हा त्याच शिफ्टला होते."

मी ओळखलं, ही बाई धोक्याची आहे.

इंजिनाचा बॉयलर म्हणजे कारखान्यातल्या बॉयलरचा पैलवान भाऊ. एका टोकाला कोळशाची भट्टी, पोटातून शेकडो नळ्या, नळ्यांतून आग जाते आणि भोवतीच्या पाण्याची वाफ होते. वाफ सगळ्यात वर जमते, म्हणून पाठीवर एक घुमट असतो. त्याला आम्ही डोम म्हणतो. डोमच्या आत रेग्युलेटर. रेग्युलेटर म्हणजे साधा नळ. ड्रायव्हरने दांडा ओढला की नळ उघडतो, वाफ सिलिंडरकडे धावते, चाकं फिरतात. दांडा ढकलला की नळ बंद. घरचा नळ बंद झाला नाही तर बादली भरून वाहते. हा बंद झाला नाही तर गाडी थांबत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तो नळ घासून बसवायचं काम मी लच्छूभाईकडे दिलं. संस्थेतल्या काही मोठ्या लोकांनी नाकं मुरडली. "कॅम्पात घासायला देणार?" लच्छूभाई अकरा दिवस घासत होता. मग त्याने नळ बंद करून वर रॉकेल ओतलं. सकाळी ओतलेलं रॉकेल संध्याकाळी तेवढंच, खाली ठेवलेला कागद कोरडा. संघमित्रा मॅडमने कागद उचलून वास घेऊन बघितला आणि म्हणाली, "भाई, कमाल आहे." लच्छूभाई लाजून लेथ पुसत बसला. तो कागद त्याने घडी करून झुलेलालच्या तसबिरीमागे ठेवलाय, ही थाप नाही.

शेडमध्ये मॅडमचा एक नियम होता. बॉयलरजवळ काळा फळा टांगलेला. आत जाणारी प्रत्येक वस्तू फळ्यावर लिहायची. हातोडी एक, बॅटरी एक, खडू एक. बाहेर आली की ज्याने लिहिलं त्यानेच पुसायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फळा कोरा झाल्याशिवाय झाकण बसणार नाही. आणि न लिहिता काही आत नेलं तर त्या माणसाचा पास रद्द, मग तो कुणीही असो. मी तोंडाने जगभर फेकतो, पण फळ्यावर दोन वर्षांत खडूचा तुकडासुद्धा चुकवला नाही. एकदा कानात खोचलेली विडी लिहायची राहिली म्हणून मी अर्ध्यातून बाहेर येऊन लिहून गेलो. "विडी – १ (न पेटवलेली)."

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली. मॅडम स्वतः पूजा करत नाही, पण पाना-हातोड्यांना झेंडूची फुलं वाहिली तेव्हा हात बांधून उभी होती, पेढा खाल्ला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, देवाला मी अडवत नाही. फक्त आत जाणार असेल तर फळ्यावर आला पाहिजे."

तिला कशी कुणकुण लागली कोण जाणे!

दोन दिवसांनी डोमचं झाकण बसवायचं होतं. फळा कोरा झाला. वर मी एकटा, खिशात सुपारी. लिहायला पाहिजे होतं, कळत होतं. पण लिहिलं असतं तर मॅडमने पहिला प्रश्न विचारला असता, "बाहेर कधी येणार?" देवाला काय उत्तर देऊ? मी मनाशी वकिली केली, की फळा वस्तूंसाठी आहे आणि सुपारी ही वस्तू नव्हे. शिवाय उस्ताद म्हणायचे, देव आपण तळाला ठेवतो कारण कारखान्यात तेवढीच जागा असते. इथे तर डोम होता, इंजिनाचं सगळ्यात उंच ठिकाण, देवळाच्या कळसासारखं. नळाच्या शेजारी दोन बोटं रुंदीची कड होती. तिथे मी गणपती बसवला, हात जोडले, झाकण टाकलं आणि नटं आवळली.

इंजिनाला आम्ही शेडमध्ये 'बाय' म्हणायचो. बाय तापली, परीक्षा पास झाली, साहेब लोकांनी शिक्के मारले. चाकांवरून उतरवून ट्रेलरवर चढवून कल्याणला न्यायची होती. त्या मिरवणुकीत मी पुढे चालून केबलच्या तारा बांबूने उचलत होतो. लोक म्हणतात ट्रेलर चालण्याच्या वेगाने जात होता. मी म्हणतो मी ट्रेलरच्या वेगाने चालत होतो. कुणीतरी कुणाचा तरी मान ठेवायला हवा.

मग चाचणीचा रविवार उजाडला. ब्लॉक घेऊन लाइन मोकळी केली होती, कल्याण ते कर्जत, मागे पाच रिकामे डबे. चालवायला शेखचाचा. वाफेच्या काळातले रिटायर ड्रायव्हर, ऐंशीला टेकलेले, पण रेग्युलेटरच्या दांड्याला हात लावला की पाठ सरळ. कोळसा मारायला रेल्वेचे दोघे. मॅडम, आणि बॉयलरवाला म्हणून मी. आयुष्यभर बॉयलरच्या पोटात राहिलो, पण बॉयलर मला घेऊन पळतोय, असं पहिल्यांदाच होणार होतं. आदल्या दिवसापासून मी बसलो नव्हतो. उभ्यानेच जेवलो.

काय सांगू तुम्हाला! अंबरनाथला एमआयडीसीची पोरं कंपाउंडच्या भिंतींवर चढून हेल्मेट हलवत होती. गच्च्यांवर माणसं. बायने शिट्टी दिली तर शंकराच्या देवळावरची कबुतरं उडून थेट मलंगगडावर जाऊन बसली. चाचांनी दांडा आणखी ओढला, आणि तेव्हा बायने एक आवंढा गिळला. गच्चकन. वाफेबरोबर थोडं पाणी वर उसळून नळात गेलं की असा आवाज येतो. चाचांनी नुसती भुवई उचलली. मी मात्र वाकून डोमकडे बघितलं.

बदलापूरला थांबायचं होतं. पाणी बघायला, आणि खरं सांगायचं तर हार घालून घ्यायला. माझं गाव. माझे व्याही प्लॅटफॉर्मवर पुढे, हातात झेंडूचा हार. चाचांनी दांडा ढकलला. दांडा गेला, गेला, आणि तीन बोटं अलीकडे अडकला.

"बंद नहीं हो रही," चाचा म्हणाले.

"म्हणजे?" मॅडमने विचारलं.

"मतलब मैं बोल रहा हूँ रुक, और ये बोल रही है चल."

माणूस ऐंशीचा, पण हात विशीचा. पुढे-मागे ठरवणारा दांडा झटक्यात मधल्या खुणेवर आणला, ब्रेक दाबून धरला. बाय थरथरत, फुसफुसत, दोन डबे पुढे जाऊन थांबली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण व्याही हार घेऊन इंजिनामागे धावतायत आणि अख्खं बदलापूर मोबाइल काढून उभं आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. भट्टीतली आग पाडावी लागली. मग एक डिझेल इंजिन आलं आणि आमच्या बायला शेपटीला धरून परत घेऊन गेलं. माहेरच्या दारातून मुलगी परत पाठवावी तसं.

रेल्वेच्या साहेबांनी थोडक्यात सांगितलं, "कारण सापडलं पाहिजे आणि मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पंधरा दिवस. नाहीतर परवानगी रद्द. मग बागेत ठेवा, पोरं बसून फोटो काढतील." आणि डोमला सील ठोकलं.

संस्थेची बैठक भरली. नळ बंद होत नाही म्हणजे नळ घासणारा चुकला, एवढा साधा हिशोब त्यांनी केला. "कॅम्पचा माल तो कॅम्पचाच," एक जण म्हणाला. नवा नळ बाहेरून करून आणायचा, तर महिने लागणार, म्हणजे परवानगी गेलीच. मॅडम म्हणाली, "रॉकेलची चाचणी मी स्वतः बघितलीय." पण आवाज तिचाही खाली आला होता. आणि मी? मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बायने आवंढा गिळला त्याच क्षणी मला कळलं होतं की तिच्या घशात काय अडकलंय.

चार दिवस मी गप्प होतो. मी गप्प! सुगंधाने डॉक्टरचं नाव काढलं. पुन्हा हॉल, किचन, गॅलरी. बोललो तर पास रद्द. ड्रायव्हर उभा राहतो त्या बायच्या फूटप्लेटवर पुन्हा पाय नाही. चाळीस वर्षं ज्या नावावर जगलो त्या नावावर सुपारी. नाही बोललो तर काय, ते पाहायला पाचव्या दिवशी शेअर रिक्षात बसून कॅम्प तीनला गेलो.

लेथवर चादर टाकलेली होती. लच्छूभाई बाहेर स्टुलावर बसून शेजारच्या कारखान्यासाठी जीन्सची पितळी बटणं निवडत होता. चांगली इकडे, वाकडी तिकडे.

"ये क्या भाई?"

"टाइमपास," तो म्हणाला. मग बटणांचा डबा बाजूला ठेवून त्याने उजवा हात माझ्यासमोर आडवा धरला. "काशी, सच बोल. कंपन आया है क्या? मैं रोज सुबह देखता हूँ. मेरे को दिखता नहीं. पर आदमी को अपना बुढ़ापा कहाँ दिखता है."

हात दगडासारखा स्थिर होता. मी तसाच उठलो, चहा न घेता, आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "एमआयडीसी, आणि थांबू नको कुठे."

मॅडम शेडमध्ये एकटीच नकाशावर वाकली होती. मी एका दमात सांगून टाकलं. सुपारी, उस्ताद, कळस, कड, सगळं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग हसली, पण थकलेलं. "मामा, तुमचा स्वभाव मला माहितीय. दोस्ताला वाचवायला तुम्ही डोममध्ये हत्ती ठेवला म्हणूनसुद्धा सांगाल."

"आईशप्पथ!"

"सायरनच्या वेळीही आईशप्पथच होती. मामा, साहेबांसमोर सील तोडायचं आणि आत काहीच निघालं नाही, तर आपण कारण शोधायचं सोडून गोष्टी रचतोय असं होईल. मग हे इंजिन संपलं. तुमच्या शब्दावर मी ते कसं करू?"

चाळीस वर्षांच्या थापांचं व्याज असं एकदम वसूल झालं. मी जायला वळलो. मग फळा दिसला. कोरा. मी खडू उचलला आणि लिहिलं: 'सुपारी – १. का. भोपी.' झाकण बसवलं त्या दिवसाची तारीख घातली.

मॅडमने वळून बघितलं. हसू गेलं. ती फळ्याजवळ आली, अक्षरं वाचली, माझ्याकडे बघितलं.

"फळ्यावर," ती हळू म्हणाली, "विडीसुद्धा लिहिलीत तुम्ही."

"म्हणून तर लिहिलं."

तिने फोन काढला आणि साहेबांना सील तोडायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी झाकण निघालं. साहेब वर चढले, बॅटरी मारली. नळाच्या जबड्यात अडकलेली, काळीठिक्कर, दातांच्या खुणा उमटलेली सुपारी. साहेबांनी चिमट्याने बाहेर काढली आणि विचारलं, "हे काय आहे?" मीच म्हणालो, "गणपती." साहेबांनी, त्यांचं भलं होवो, आधी बूट काढले आणि मगच रागावले.

लच्छूभाईला बोलावलं होतं. त्याने नळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एक बारीक चर पडला होता. सगळे त्याच्या तोंडाकडे. तो माझ्याकडे वळला. "ग्यारह दिन घिसा मैंने," तो म्हणाला, "और तूने पान लगा दिया!" मग नळ टॉवेलात गुंडाळला, पोटाशी धरला, आणि गेला. तीन दिवसांत पुन्हा घासून आणला. त्या तीन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पण लेथवरची चादर निघाली होती, ती मी लांबून बघून आलो.

एक घोळ मात्र राहिला. चिमट्यातली सुपारी अर्धीच होती. मधोमध फुटलेली. दुसरी अर्धी कुठे? नळाच्या पुढच्या नळ्या हवेने झाडल्या, बारीक कॅमेरा घालून बघितल्या, सिलिंडर उघडले. नाही. म्हणजे एकतर चिमणीतून राख होऊन अंबरनाथवर पडली, नाहीतर मागे बॉयलरच्या पाण्यात. मॅडमने नळावर पितळी जाळी बसवून घेतली, म्हणजे पुन्हा काही अडकायचा सवालच नाही, आणि त्या जाळीच्या भरवशावर साहेबांनी तेवढ्यापुरतं झाकण बसवू दिलं. मग मला फळ्याजवळ नेलं. मी 'एक' पुसून 'अर्धी' लिहिलं. सापडलेली अर्धी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळ्याशेजारी खिळ्याला टांगली. आणि हात पुढे केला. मी पास काढून दिला. तिला वाईट वाटत होतं, हे तिने लपवलं नाही.

दुसरी चाचणी मी खालून बघितली. खरवईच्या बाजूला, रुळांच्या कुंपणाबाहेर. शेजारी लच्छूभाई. त्याला फूटप्लेटवर बोलावलं होतं, तो म्हणाला, "इधर से अच्छा सुनाई देगा." बाय आली. काळी, घामेजलेली, मागे पाच डबे आणि या खेपेला डब्यांत माणसं. जमीन हलली. (ही थाप नाही, तुम्ही उभे राहून बघा.) स्टेशन जवळ आलं तसा चाचांनी दांडा ढकलला असणार, कारण तो भस् भस् आवाज सुरीने कापल्यासारखा थांबला. नुसती चाकं रुळांवर घरंगळत गेली.

लच्छूभाईने माझा दंड धरला. "सुना?"

"काय?"

"कुछ नहीं," तो म्हणाला. डोळे पुसले. "बिलकुल कुछ नहीं."

गोष्ट इथे संपली असती तर मला लिहायचं कारण नव्हतं. बाय अधूनमधून धावते. ठरावीक दिवसांनी तिचा बॉयलर आतून धुवायचा असतो, तळाचा गाळ काढायचा असतो. पहिल्या धुलाईला मॅडमचा फोन आला. "मामा, पास नाही देणार. पण तुमची अर्धी तुम्हीच शोधायची. या." मी रिक्षेत नाही, रिक्षेच्या पुढे धावत गेलो. तेव्हापासून प्रत्येक धुलाईला बोलावणं येतं. मी आडवा पडून हात घालून गाळ चाळतो. मॅडम विचारते, "सापडली?" मी मान हलवतो. ती फळ्याकडे बघते, तारीख घालते. मग आम्ही चहा पितो, मी दोन थापा मारतो, बायच्या पोटाला कान लावतो आणि घरी येतो. असं तीनदा झालं.

तर आता ती गोष्ट.

पहिल्याच धुलाईला, भट्टीच्या खालच्या कोपऱ्यात, गाळाबरोबर माझ्या बोटांना ती लागली. करपलेली, कडक. मॅडम फोनवर होती तेवढ्यात मी ती पिशवीतल्या अर्धीला लावून बघितली. कडेला कड तंतोतंत जुळली. मग खिशात टाकली. ती आमच्या देवघरात कुंकवाच्या करंड्यात आहे. सुगंधालाही ठाऊक नाही. ती सापडली म्हटलं असतं तर फळा कोरा झाला असता, आणि फळा कोरा झाल्यावर मला कोण बोलावणार होतं?

फळ्यावर मी खोटं लिहिलेलं नाही. पुसायचं तेवढं पुसलं नाही. ही वकिली मी एकदा केली होती आणि तिचं काय झालं ते आत्ताच वाचलंत. तेव्हापासून करंडा उघडला की माझे पाय आपोआप हॉल, किचन, गॅलरी करायला लागतात. ती पोरगी दर वेळी त्या अर्धीसाठी पुन्हा सगळ्या नळ्या तपासते, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

तेव्हा मॅडम, हा अंक तुमच्या हाती पडेल. दुसरी अर्धी माझ्याकडे आहे. जोडून बघा, बसते. फळा आता कोरा करायचा. पण नियम तुमचाच आहे, ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. सोमवारी सकाळच्या शिफ्टला येतो. गेटवर तेवढं सांगून ठेवा.